कॅमेऱ्याची निवड : कालची व आजची



कॅमेरा विकत घेणें ही तशी घरगुती बाब आहे, आणि तिच्यावर इतिहासाच्या अंगानें भाषण करावें असें तिच्यांत काय आहे, अशी शंका कोणासही येईल. माझीही समजूत पूर्वीं तशीच होती. परंतु २००६ सालीं, दिवाळीच्या अगोदर, मी एका दुकानांतील कांचेच्या कपाटापुढें उभा राहिलों आणि तेथल्या तरुण विक्रेत्यानें मला विचारलें, “काका, किती मेगापिक्सेलचा दाखवूं?” या साध्या प्रश्नाचें उत्तर मला देतां येईना. तोंपर्यंत सत्तावीस वर्षें मीं फिल्मवर छायाचित्रें काढलीं होतीं. रीळ कसें भरावें, ऊन-सावलीचा अंदाज कसा घ्यावा, छत्तीस चित्रें सहलीच्या तीन दिवसांवर कशीं वांटून द्यावींत, हें सारें मला येत होतें. आणि तरीही त्या मुलासमोर मी पहिल्या इयत्तेंतला विद्यार्थी ठरलों. त्या दिवशीं कांहीं न घेतां मी परत आलों.

घरीं येऊन मी या विषयावर मिळेल तें वाचूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, हा पेंच माझ्या एकट्याचा नव्हे. छायाचित्रणाच्या इतिहासांत तो पुनःपुन्हा आलेला आहे. दर वेळीं नवें यंत्र कांहीं कष्ट हलके करतें. परंतु ते कष्ट नाहींसे होत नाहींत, ते दुसरीकडे जाऊन बसतात. ते कोठें जाऊन बसले हें ज्यानें ओळखलें, त्याची निवड सफळ झाली. आजच्या भाषणांत कष्टांचें हें स्थलांतर आपण पाहूं.

७ जानेवारी १८३९ रोजीं पॅरिस येथील विज्ञान-अकादमींत लुई दागेर याच्या शोधाची वार्ता जाहीर झाली, आणि त्याच वर्षीं १९ ऑगस्ट रोजीं त्याची कृति जगापुढें मांडण्यांत आली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यावयाचा, आयोडीनच्या वाफेनें तो प्रकाशग्राही करावयाचा, कॅमेऱ्यांत त्यावर प्रकाश पाडावयाचा व पाऱ्याच्या वाफेनें चित्र उमटवावयाचें, अशी ती कृति होती. चित्र इतकें रेखीव येई कीं, भिंग घेऊन पाहिलें तरी त्यांतील बारकावे संपत नसत. उणीव एकच, त्या चित्राची प्रत निघत नसे. पत्रा हरवला कीं चित्र गेलें. त्याच सुमारास इंग्लंडांत हेन्री फॉक्स टाल्बट हा कागदावर प्रयोग करीत होता, आणि १८४१ सालीं त्यानें आपल्या कॅलोटाइप कृतीचा एकाधिकार घेतला. त्याचें चित्र प्रथम उलट्या छटांचें, म्हणजे आपण ज्याला निगेटिव्ह म्हणतों तसें येई, व त्यावरून हव्या तितक्या प्रती काढतां येत. मात्र कागदाच्या तंतूंमुळें त्या प्रती किंचित् अंधुक दिसत. रेखीव पण एकुलतें एक चित्र घ्यावें, कीं थोडें मंद पण प्रतींनीं वाढणारें घ्यावें, हा त्या काळच्या हौशी माणसापुढील प्रश्न होता. त्या पिढींतील बहुतेकांनीं दागेरचा रेखीवपणा पसंत केला. पुढील दीड शतक मात्र टाल्बटच्या निगेटिव्हनें गाजविलें. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. शेवटीं मी तिच्याकडे परत येणार आहें.

१८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें कांचेवर कलोडियनचा थर देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रेखीवपणा आणि प्रती हे दोन्ही गुण तींत एकत्र आले; परंतु कष्ट वाढले. कांच ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे व ती वाळण्यापूर्वींच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आंत, धुवावी लागे. म्हणून जेथें कॅमेरा जाई तेथें तंबू, बाटल्या, ताटल्या व पाणी यांचा लवाजमाही जाई. आमच्याकडील उन्हांत तर कांच अधिकच लवकर वाळावयाची. असें असूनही मुंबईकरांनीं ही विद्या किती उत्साहानें हातीं घेतली, हें पाहून कौतुक वाटतें. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत या धंद्यांत नांव मिळविलें, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांनींही छायाचित्रें काढलीं. म्हणजे आमच्या प्रांतास ही कला पाहुणी म्हणून फार दिवस राहिली नाहीं. ती लौकरच घरची झाली.

१८७१ सालीं रिचर्ड लीच मॅडॉक्स यानें जिलेटिनची कोरडी कांच सुचविली आणि तंबूची कटकट मिटण्याचा मार्ग दिसूं लागला. परंतु छायाचित्रण घरोघर नेलें तें अमेरिकेंतील रोचेस्टर गांवच्या जॉर्ज ईस्टमन यानें. हा गृहस्थ तरुणपणीं पेढींत कारकून होता. एका प्रवासासाठीं त्यानें ओल्या कांचेचें सगळें साहित्य विकत घेतलें, आणि तें ओझें पाहूनच त्याचें डोकें या प्रश्नाकडे वळलें. तो प्रवास राहिला. प्रश्न मात्र सुटला. १८८८ सालीं त्याचा कोडॅक कॅमेरा बाजारांत आला. किंमत २५ डॉलर. आंत १०० चित्रांचें रीळ भरलेलें. सारीं चित्रें काढून झालीं कीं कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. १० डॉलर घेऊन कारखाना चित्रें छापून देई व नवें रीळ भरून कॅमेरा परत करी. गिऱ्हाइकानें कळ दाबावी, बाकीचें सारें आम्ही करूं, अशी त्याची ग्वाही होती. १९०० सालीं त्यानें ब्राउनी नांवाचा कॅमेरा अवघ्या एका डॉलरला काढला, आणि शाळकरी मुलेंही छायाचित्रकार झालीं. अंधारखोलींतले कष्ट येथें कारखान्याकडे गेले. परंतु त्यांबरोबर चित्र कसें घडतें याचें ज्ञानही घराबाहेर गेलें, हें विसरतां कामा नये.

यानंतरची महत्त्वाची घटना जर्मनींत घडली. वेट्झलार येथील लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचा एक कुशल कारागीर होता. त्याला दम्याचा विकार होता. कांचांच्या पेट्या व तिकाटणें घेऊन डोंगर चढणें त्याला झेपेना. त्यानें सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटर, एवढी चौकट ठरविली, आणि १९१३-१४ च्या सुमारास खिशांत मावेल असा कॅमेरा स्वतःसाठीं बनविला. मध्यंतरीं महायुद्ध आलें. १९२५ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत तो लायका या नांवानें विक्रीस ठेवण्यांत आला, तेव्हां जाणत्यांनीं नाकें मुरडलीं. टपालाच्या तिकिटाएवढ्या निगेटिव्हवर काय दिसणार, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांना वाटत होतें तितका तो निराधार नव्हता. पण चांगलें भिंग व बारीक रव्याची फिल्म मिळतांच तो मागें पडला. लहान कॅमेरा बरोबर असतो, म्हणून चित्र मिळतें. मोठा घरीं राहतो, म्हणून तें हुकतें. हा धडा जगाला एका दमेकऱ्यानें शिकविला.

आतां आपल्या घराकडे वळूं. माझा पहिला कॅमेरा १९७९ सालीं घेतलेला, बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक तीन हा होता. १२० नंबरच्या रिळावर त्यांत बारा चौरस चित्रें निघत. उटकमंडला १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्मही आम्ही वापरीत असूं. पुढें मीं ३५ मिलिमीटरचा कॅमेरा घेतला व बारांचे छत्तीस झाले. छत्तीस हा आंकडा त्या पिढीच्या मनावर कसा कोरला गेला होता, हें आजच्या मुलांना सांगून पटणार नाहीं. प्रत्येक कळ दाबण्यापूर्वीं मनांत वजाबाकी होई. “थांबा, आजी येऊं द्या, मग काढूं,” असें म्हटलें जाई, कारण दोन चित्रें परवडत नसत. निवड आधीं होई, चित्र नंतर. फिल्मचे दोषही मी लपवीत नाहीं. एकदां शाळेच्या सहलींत रिळाचें टोंक दांत्यांत नीट अडकलें नव्हतें. तीन दिवस मी कळ दाबीत राहिलों आणि घरीं आल्यावर छत्तीसच्या छत्तीस कोरीं निघालीं. मुलांना तोंड दाखविण्याची लाज वाटली.

डिजिटल कॅमेऱ्याचें मूळ आपल्याला वाटतें त्याहून जुनें आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं सीसीडी नांवाच्या घटकाची कल्पना मांडली. तिच्याबद्दल २००९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. सिलिकॉनच्या चकतीवर बारीक खाचा असतात. प्रकाश पडला कीं त्यांत त्या मानानें विद्युत्कण सांचतात. आग विझवितांना माणसें ओळीनें उभीं राहून घागरी हातोहात पुढें देतात, तसे हे सांचे एका खाचेंतून दुसरींत सरकवीत टोंकाशीं नेऊन मोजतात. या चकतीला रंग कळत नाहीं. तिला प्रकाशाचें फक्त मोजमाप कळतें. म्हणून कोडॅकच्या ब्राइस बायर यानें प्रत्येक खाचेवर एकेका रंगाची गाळणी बसविण्याची युक्ति काढली व १९७६ सालीं तिचा एकाधिकार मिळाला. गाळण्यांपैकीं निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या व पाव निळ्या असतात, कारण मानवी डोळ्याला बारकावे हिरव्या रंगांत अधिक कळतात.

याच कोडॅक कंपनींत १९७५ सालीं स्टीव्हन सॅसन या तरुण एंजिनियरानें पहिला सुटसुटीत म्हणावा असा डिजिटल कॅमेरा जुळविला. सुटसुटीत म्हणजे किती, तर वजन सुमारें साडेतीन किलो! चित्रांत शंभर बाय शंभर, म्हणजे दहा हजार ठिपके. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. ज्या कारखान्याचें उत्पन्न फिल्म, कागद आणि रसायनें यांवर चालत होतें, त्याच कारखान्यांत त्यांची गरज संपविणारें यंत्र जन्मास आलें, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. पुढें १९९५ सालीं कॅसिओ कंपनीनें क्यूव्ही-१० हा कॅमेरा काढला. त्याच्या पाठीवर छोटासा पडदा होता व काढलेलें चित्र तेथल्या तेथें दिसे. माझ्या मतें लोकांचें मन फिल्मवरून उडविलें तें या पडद्यानें. धुलाईसाठीं आठ दिवस वाट पाहण्याची गोडी आणि धाकधूक, दोन्ही त्यानें एकाच दिवशीं संपविलीं.

अशा वाचनानंतर मी दुसऱ्यांदा त्या दुकानीं गेलों, तो थोडासा शहाणा होऊन. मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष ठिपके. चार बाय सहा इंचांची नेहमीची प्रत इंचास तीनशें ठिपके धरून छापावयाची, तर १२०० बाय १८००, म्हणजे २१ लक्ष ६० हजार ठिपके पुरतात. मग सहा आणि आठ मेगापिक्सेलच्या चढाओढीचें मला काय? खरा फरक दुसरीकडे होता. फिल्मची चौकट ८६४ चौरस मिलिमीटरांची. उलट त्या वेळच्या पुष्कळशा खिशांतल्या कॅमेऱ्यांत जी चकती असे, ती सुमारें ५.८ बाय ४.३ मिलिमीटरांची, म्हणजे जेमतेम पंचवीस चौरस मिलिमीटर भरे. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या त्या जागेंत जितके अधिक ठिपके कोंबावे, तितका प्रत्येकाच्या वांट्यास प्रकाश कमी. आणि संध्याकाळीं घरांत काढलेलें चित्र त्यामुळें रवाळ होतें. म्हणून चकती मोठी व ठिपके बेताचे, असा कॅमेरा मीं मागितला. विक्रेत्यास ही मागणी चमत्कारिक वाटली.

आणखी कांहीं गोष्टी फिल्मवाल्या माणसानें पाहावयास हव्यात, त्या अशा. भिंग सरकून होणारें मोठेपण खरें. आंतल्या आंत चित्र कातरून दाखविलेलें मोठेपण खोटें. कळ दाबल्यापासून चित्र उमटेपर्यंत किती वेळ जातो, हें दुकानांतच पाहावें. त्या काळच्या लहान कॅमेऱ्यांत एवढ्या वेळांत मूल हसून मोकळें होई. उन्हांत पडदा दिसत नाहीं, म्हणून डोळा लावण्याची खिडकी असल्यास बरें. रंगीत निगेटिव्ह फिल्म थोडा अधिक प्रकाश निमूटपणें सोसते. डिजिटल चकती सोसत नाहीं. पांढऱ्या टोपीवर ऊन जास्त झालें कीं तेथें केवळ पांढरा डाग राहतो, आणि तो मागाहून भरून काढतां येत नाहीं. उलट, फिल्मचा वेग रिळागणिक ठरलेला असे, तो येथें चित्रागणिक बदलतां येतो, ही मोठीच सोय आहे.

शेवटीं मास्तराचा हिशेब. रीळ, धुलाई आणि छत्तीस प्रती मिळून मला पावणेतीनशें-तीनशें रुपये पडत. चौदा हजारांचा कॅमेरा म्हणजे जवळजवळ पन्नास रिळें. वर्षाला सहा रिळें धरलीं, तर आठ वर्षांत किंमत फिटावी. प्रत्यक्षांत पहिल्याच वर्षीं मीं दोन हजारांवर चित्रें काढलीं, म्हणजे किंमत बारा महिन्यांत फिटली. या विजयाचा आनंद मीं सर्वांना सांगितला. एक आंकडा मात्र मीं सांगितला नाहीं, कारण तो तेव्हां मोजलाच नव्हता. त्या दोन हजारांपैकीं कागदावर छापून घेतलेलीं चित्रें पन्नासही नव्हतीं.

त्याची किंमत पुढें भरावी लागली. २०१२ सालीं आमच्या घरच्या संगणकाची तबकडी एका सकाळीं बंद पडली आणि पांच-सहा वर्षांचीं चित्रें तिच्याबरोबर गेलीं. दुसरी प्रत मीं ठेवली नव्हती. उद्यां करूं, परवां करूं, असें म्हणतां म्हणतां राहून गेलें. पुढच्या वर्षीं माझे थोरले बंधु वारले. वहिनींनीं त्यांचें एखादें चांगलें चित्र मागितलें. शेवटच्या वर्षांत मीं त्यांचीं शेंकडों चित्रें काढलीं होतीं. दाखविण्याजोगें एकही हातीं लागेना. तेव्हां मी माळ्यावरचा बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यांत पाकिटावर सन घालून ठेवलेलीं निगेटिव्हें होतीं. १९८४ सालच्या पाकिटांत एक निघालें: दादा ओसरीच्या पायरीवर बसून अडकित्त्यानें सुपारी कातरीत आहेत आणि मान वर करून माझ्याकडे पाहत आहेत. गांवच्या फोटोवाल्यानें त्याची प्रत करून दिली. ती हातांत घेऊन वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “भाऊजी, हे असेच बघायचे.”

या प्रसंगावरून फिल्म श्रेष्ठ आणि डिजिटल हीन, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चूक ठरेल. त्याच डब्यांतल्या कित्येक निगेटिव्हांना पावसाळ्याच्या दमटपणानें बुरशी आली होती, आणि रंगीत प्रती तर पिवळ्या-तांबड्या पडल्या होत्या. येथेंच मला दागेर व टाल्बट आठवतात. डिजिटल चित्राची प्रत मुळाहून तिळमात्र उणी नसते. दागेरचा रेखीवपणा व टाल्बटच्या प्रती, दोन्ही तींत पूर्णत्वास गेलेले आहेत. परंतु जी प्रत केलीच नाहीं, ती प्रत नव्हे. प्रत न केलेलें डिजिटल चित्र दागेरच्या पत्र्याइतकेंच एकुलतें एक असतें, आणि पत्रा निदान हातांत धरतां येतो. फिल्मच्या काळीं निवडण्याचे कष्ट कळ दाबण्यापूर्वीं होते आणि जपण्याचे कष्ट फोटोवाल्याच्या पाकिटानें अर्धेअधिक उचलले होते. आतां दोन्ही आपल्याकडे आले आहेत, आणि तेही चित्र काढून झाल्यानंतर, म्हणजे उत्साह ओसरल्यावर.

जगांतली उलथापालथ तर केवढी झाली! १९३५ साली निघालेली कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म २००९ सालीं बंद करण्यांत आली, आणि अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांतील ती धुणाऱ्या शेवटच्या दुकानानें ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रिळें स्वीकारलीं. जानेवारी २०१२ मध्यें खुद्द ईस्टमनच्या कंपनीनें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. जिंकलेल्यांचेंही सुख टिकलें नाहीं. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आंकड्यांप्रमाणें २०१० सालीं बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ सालीं ती संख्या ऐंशी लाखांच्याही खालीं आली. खिशांतल्या कॅमेऱ्याची जागा खिशांतल्या फोननें घेतली. मौज अशी कीं, अलीकडे कांहीं तरुण मंडळी तेच जुने लहान डिजिटल कॅमेरे व फिल्मचीं रिळेंही पुन्हां शोधूं लागलीं आहेत, आणि रोचेस्टरला फिल्म आजही तयार होते.

तेव्हां कोणता कॅमेरा घ्यावा असें मला कोणी विचारलें, तर मी सांगतों: जो रोज बरोबर राहील तो घ्या; आणि घेण्यापूर्वींच, त्यांतून निघालेलीं चित्रें कोण निवडील आणि कोठें ठेवील, हें घरांत ठरवा. आमच्या घरीं २०१३ पासून एक रिवाज आहे. दर दिवाळींत आम्ही वर्षाचीं सारीं चित्रें काढून बसतों आणि त्यांतलीं छत्तीसच निवडतों, एकही अधिक नाहीं. तीं कागदावर छापून घेतों, प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनें नांवें व तारीख लिहितों, आणि सगळ्यांची एकेक प्रत दुसऱ्या गांवीं पुतण्याकडे पाठवितों. छत्तीसावरून दर वर्षीं वाद होतो. नातवंडें म्हणतात, आजोबा, चाळीस करा. मी म्हणतों, रीळ संपलें.